रिकामं द्या, डब्यासकट

९ एप्रिल २०२५, बुधवार

सकाळचा पहिलाच कागद पट्ट्यापट्ट्यांनी आला. कापूसतळणीहून आलेले एक आजोबा सातबाऱ्यासाठी समोर उभे. डिजिटल सहीचा उतारा, सरकारी फी १५ रुपये, वर माझ्या छपाईचे. आणि क्षेत्राच्या ओळीतूनच पांढरी रेघ गेलेली. आकड्यांची डोकी गेली, नुसते पाय उरले. आजोबांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "बाई, माह्यं अर्धं वावर खाल्लं तुमच्या मशिनीनं."

जुन्या लेझरवर दुसरा काढून दिला, ते गेले. मी मात्र दुपारपर्यंत टाकीवाल्या प्रिंटरशी झुंजत बसले. हेड क्लीनिंग एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दर वेळी नोझल चेकच्या जाळीत काळ्या रंगाच्या पायऱ्या तुटलेल्याच. क्लीनिंग म्हणजे काही फुकटची पुसापुशी नाही. शाई हेडमधून ओढून तळाच्या स्पंजात मुरवायची. एकही पान न छापता बाटली खाली होते. दुकानातला पोरगा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग बोललाच, "काकू, म्या तवाच म्हनलं होतं, लोकल शाई टाकू नोका."

त्याचं खरं असेल. फेब्रुवारीत मी ओरिजिनल बाटली सोडून कंपॅटिबल आणली. ओरिजिनल ६५ मिलीची, माझ्या बिलावर चारशेच्या आतबाहेर. ही १०० मिलीची, ११० रुपयांना. तेव्हा फार शहाणपण केल्यासारखं वाटलं होतं. आज ही वही त्यासाठीच उघडली. दुकानाची खर्चवही आहे, पण कोणत्या डब्यातून काय निघालं ते तिच्या रकान्यांत बसत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

अकोटचा टोनरवाला येऊन गेला. दर दीड-दोन महिन्यांनी मोटरसायकलवर येतो, मागच्या अंगणात पेपर अंथरतो आणि न्हाव्यासारखा हत्यारं मांडून बसतो. माझं लेझर म्हणजे १२-ए टोनरचं जुनं धूड. हा नंबर आम्हा सेतू केंद्रवाल्यांना स्वतःच्या गाडीच्या नंबरासारखा पाठ असतो. पक्कडीनं पिन ओढली, हिरवा ड्रम काढून लगेच कागदात गुंडाळला (उजेड लागला की तो खराब होतो), टाकाऊ पावडर झटकली, चुंबकाचा रूळ पुसला, नवी बाटली ओतली, हलवलं, लावलं. वीस मिनिटं. दोनशे रुपये. "ताई, दोन डाव पावडर भरली का तिसऱ्या डावाले ड्रम अन् ब्लेड बदलाच लागते. मंग म्हनान, पोट्ट्यानं काळं केलं."

त्याचे हात धुवायला मी गरम पाणी पुढे केलं तर नको म्हणाला, थंडच हवं. टोनर म्हणजे बारीक प्लॅस्टिक आणि काजळी. यंत्रातल्या तापलेल्या रुळाखाली ते वितळून कागदाला चिकटतं. गरम पाण्यानं ते कातडीला आणि कपड्यालाही तसंच बसतं.

हिशोब मांडला. ओरिजिनल टोनर पाच हजारांच्या आसपास, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे २००० पानं. म्हणजे पानाला अडीच रुपये. भरलेल्यात दीड हजार पानं निघाली तरी पान तेरा-चौदा पैशांत. ड्रमचा खर्च वाटून टाकला तरी चार आण्यांच्या आत. आणि ती २००० पानंसुद्धा पानाच्या शंभरातल्या पाच भागांवरच काळं धरून मोजलेली. पाच टक्के म्हणजे मामाला लिहिलेलं चार ओळींचं पत्र. माझ्याकडे येतात रकान्यांनी गच्च भरलेले अर्ज, आठ-अ, आणि मागे शासनाचा वॉटरमार्क असलेला सातबारा. त्यावर खोक्यावरचा आकडा कधीच खरा होत नाही.

आमच्या धंद्यात चार शब्द आहेत. ओरिजिनल, म्हणजे प्रिंटर ज्या कंपनीचा तिचाच माल. रिफिल, म्हणजे तेच टरफल, दाणा दुसरा. कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्याच कारखान्याचा माल, दुसऱ्याच नावानं, पण या यंत्रात बसणारा. आणि डुप्लिकेट, म्हणजे दुसऱ्याचा माल पहिल्याच्या नावानं. माझ्या सासूबाई पहिला सोडून तिघांनाही डुप्लिकेट म्हणतात. गिऱ्हाईकंही तेच म्हणतात. मीही आतापर्यंत तेच म्हणत आले.

१६ एप्रिल, बुधवार

अमरावतीच्या मेकॅनिकला शेवटी फोन केला. त्यानं शाईबद्दल विचारलंच नाही. विचारलं, "काकू, मशीन बंद कसं करता?"

"बोर्डावरच्या बटणानं. सगळं एकदमच करते."

तो हसला. काम संपलं की प्रिंटरचं हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबराच्या टोपीवर बसतं. टोपी बसली की हवा लागत नाही. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणानं बंद केलं तर ते तिथं जाऊन मगच झोपतं. बोर्डावरून वीज तोडली, किंवा छापता छापता लाइन गेली, तर हेड जिथल्या तिथं उघडं पडतं. नोझलची भोकं केसाहून बारीक. बाहेर वऱ्हाडातला चैत्र, आत पत्र्याखालचं दुकान. कोरा कागदसुद्धा तव्यावरून काढल्यासारखा गरम लागतो, तिथं शाईचा थेंब किती वेळ ओला राहणार?

गेल्या पंधरा दिवसांत लाइन किती वेळा गेली ते आठवायला लागले आणि सोडून दिलं. म्हणजे कंपॅटिबलवर ठेवलेला आळ अर्धा तरी खोटा. मेकॅनिकनं तिला पुरतं सोडलं नाही म्हणा. उरलेल्या ओरिजिनलवर दुसरी शाई ओतली की कधी कधी साका धरतो म्हणाला. रात्री डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला टिश्यू हेडखाली ठेवून दिला आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

जाळी पूर्ण आली. इन्व्हर्टरची एक लाइन प्रिंटरला दिली.

२३ एप्रिल, बुधवार

दुपारी रिकामे टोनर विकत घेणारा आला. शाळेला आणि दोन-तीन पतसंस्थांना मी ओरिजिनल कार्ट्रिज मागवून देते, त्यांचे रिकामे माझ्याकडेच जमतात. त्याचा भाव ठरलेला: नुसतं रिकामं ४० रुपये, डब्यासकट असेल तर १००. "ताई, डबा दाबला नाही पायजे. आतली काळी पिशवी बी राहू द्या. अन् झाकनावरचं सील ब्लेडनं अल्लद काढत जा, फाडू नोका."

सहा होते, सहाही डब्यासकट. सहाशे रुपये. कचऱ्याचे सहाशे आले म्हणून पोराला बर्फाचा गोळा खाऊ घातला, दोन वर्षं खाऊ घालते आहे.

३० एप्रिल, बुधवार. अखजी

दुकान बंद. पितरांची घागर भरली, आमरस-पुरण झालं. दुपारी सासऱ्यांची पेटी उघडली. त्यांचे कागद वर्षातून एकदा ऊन देऊन परत ठेवायचे असतात. आमचा पानमळा शहानूर नदीच्या काठाला होता तेव्हाच्या पावत्या, पानपिंपरीच्या विक्रीच्या चिठ्ठ्या आणि तळाशी एक मोडी कागद. कुणाला वाचता येत नाही, पण अक्षर कसं आहे? काळं कुळकुळीत. कडा वाळवीनं कुरतडलेल्या, अक्षराला हात नाही.

जुनी शाई काजळ आणि बाभळीचा डिंक घोटून करत. काजळ पाण्यात विरघळत नाही, कण म्हणूनच राहतं आणि कागदाच्या धाग्यात अडकून बसतं. आजच्या भाषेत ही पिगमेंट शाई. माझ्या टाकीतली चारही रंगांची शाई ओरिजिनल असो की कंपॅटिबल, डाय आहे: साखर पाण्यात विरघळावी तसा रंग विरघळलेला. चमक छान येते, स्वस्त पडते, फोटो खुलतो. आणि टोनरमध्ये पुन्हा काजळीच. म्हणजे अकोटचा पोरगा अंगणात बसून जे भरून देतो ते आणि या मोडी कागदावरचं एका कुळातलं.

माझं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं तेव्हा मराठी कळफलकाची गोदरेज मशिनं होती. रिबन अमरावतीहून यायची, कुणाची ते बघितल्याचं आठवत नाही. फिकी पडली की उलटी लावायची. मशीन कधी म्हणालं नाही की ही रिबन माझ्या ओळखीची नाही.

६ मे, मंगळवार

काल बारावीचा निकाल. दिवसभर गुणपत्रिकेच्या प्रती, पोरींची रांग, पेढे. हात भरून आलेत.

संध्याकाळी ओळखीच्या एक शिक्षिका आल्या, घरचा छोटा प्रिंटर पिशवीत घालून. चार हजारांना घेतला होता. काळं कार्ट्रिज संपलं, नवीन आणायला गेल्या तर हजाराला थोडं कमी. खोक्यावर लिहिलेलं, १९० पानं. "काकू, पानाला पाच रुपये? मग मी तुमच्याकडेच येत होते ते काय वाईट होतं?" मी म्हटलं, मॅडम, प्रिंटर त्यांनी तुम्हाला विकलेलाच नाही, नळ लावून दिलाय, पाणी ते विकणार.

त्यांना सांगितलं ते इथं लिहून ठेवते, कारण सांगता सांगता मलाच नीट उमगलं. शाई कुणाची हे नंतर, आधी हेड कुठं आहे ते बघायचं. यांच्या प्रिंटरचं हेड कार्ट्रिजच्याच तळाला, तांब्याच्या रंगाची पट्टी दिसते तिथं. आत इवले तापक असतात. शाई क्षणात उकळते, बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांच्या हातून सोल्डरिंगचं तापलेलं टोक शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि शाई उडाली. त्यांचं हे तंत्र तिथून सुचलं. अशा कार्ट्रिजमध्ये सिरिंजनं शंभर रुपयांची शाई भरून बघायला भ्यायचं कारण नाही. बिघडलं तर कार्ट्रिज जाईल, प्रिंटर नाही. फक्त पूर्ण कोरडं होऊ द्यायचं नाही, कारण शाई हीच त्या तापकांना थंड ठेवते; कोरडं चाललं की जळतात. दोन-तीनदा भरून होतं, मग टाकून द्यायचं.

माझ्या टाकीवाल्याचं उलटं. तिथं हेड यंत्रातच बसवलेलं, ते गेलं की नवा प्रिंटर घ्यावा की काय असा खर्च. आणि तिथं वाचतं किती? ६५ मिलीच्या बाटलीत कंपनीच्या मोजणीनं ४५०० काळी पानं. चारशे भागिले साडेचार हजार, पानाला नऊ पैसे. कंपॅटिबलनं दोन पैसे. सात पैसे वाचवायला मी हेड पणाला लावलं होतं! पूर्ण बाटलीमागे सव्वातीनशे रुपये, तेही सगळं सुरळीत झालं तर.

म्हणजे जिथं ओरिजिनल परवडत नाही तिथं दुसरं वापरायला भीती नाही, आणि जिथं भीती आहे तिथं ओरिजिनल महाग नाही. इतकं सरळ असेल असं वाटलं नव्हतं. लेझरचं तर काही विचारायलाच नको. ड्रम टोनरच्या डब्यातच, बिघडला तर डबा बदलायचा, यंत्र नाही.

१४ मे, बुधवार

काल दहावीचा निकाल लागला. यंदापासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन, म्हणजे आतापर्यंत मोठ्या शहरांची भानगड होती ती अंजनगावात आली. आई-बाप नुसतं विचारायलाच येऊन राहिले.

पण आज मन त्यात नव्हतं. एका शाळेच्या क्लार्कना गेल्या आठवड्यात ओरिजिनल टोनर दिला होता. ते आज डबा घेऊनच आले. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. टेबलावर दोन कागद ठेवले. एकावर राखाडी सावली; दुसऱ्यावर त्यांनी बोट फिरवलं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यातलं नाव बोटाला आलं. पावडर वितळलीच नव्हती. डब्यावरचा क्यूआर स्कॅन करून दाखवला: हा नंबर आधीच तपासून झालेला. डबा हुबेहूब, छपाई अस्सल, कारण डबा अस्सलच होता. सील तेवढं वरून चिकटवलेलं, कडेला डिंकाची रेघ.

ज्याच्याकडून आणला तो हजार रुपयांनी स्वस्त देत होता आणि पक्कं बिल देत नव्हता. तेवढ्यावरून कळायला हवं होतं. क्लार्कना पैसे परत केले. ते म्हणाले, "तुमच्यावर भरवसा होता म्हणून अमरावतीहून मागवलं नाही."

रात्री झोप येईना. तो डबा डोळ्यांपुढून जाईना. आतली काळी पिशवीसुद्धा होती, नीट घडी घातलेली. आणि एकदम तो माणूस आठवला. आतली पिशवी राहू द्या. सील अल्लद काढा. रिकाम्याला ४०, डब्यासकट १००. वरचे साठ रुपये कशाचे होते?

दोन वर्षांत किती डबे दिले असतील मी? चाळीस? पन्नास? ट्रेडमार्कच्या १९९९ च्या कायद्यात दुसऱ्याच्या नावाचा खोटा माल करणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड. डबा पुरवणाऱ्या बाईचं काय करतात ते बघायला मी पुढची कलमं उघडली नाहीत.

आणि मजा बघा, मी कंपॅटिबल टोनर विकते तेव्हा गिऱ्हाईक नाक मुरडतं, "डुप्लिकेट नोको." त्या बिचाऱ्या डब्यावर कारखान्याचं स्वतःचं नाव असतं, तो कुणाचं सोंग घेत नाही. खोटा निघाला तो ओरिजिनलचा डबा.

२२ मे, गुरुवार

अवकाळीनं ठाण मांडलंय. रस्त्यावर चिखल, दुकानात चिखल. दुपारी एक शेतकरी आले, संत्र्याची बाग आहे त्यांची. दोन दिवसांपूर्वी माझ्याकडूनच नुकसानीचा अर्ज आणि सातबारा काढून नेला होता. शर्टाच्या खिशात ठेवला, वाटेत पाऊस. खिशातून काढला तो निळा-काळा लगदा. गट नंबर वाहून शेजारच्या रकान्यात गेलेला.

तो कागद मी टाकीवाल्यावर काढलेला. आणि शाई ओरिजिनल, नव्यानं आणलेली! एप्रिलपासून पश्चात्तापानं मी तीच वापरते आहे. पण डाय ती डाय, पाणी लागलं की निघाली. लेझरवर काढला असता, अकोटच्या पोरानं भरलेल्या दोनशे रुपयांच्या पावडरवर, तर कागद फाटला असता पण अक्षर हललं नसतं.

नवीन काढून दिले, पैसे घेतले नाहीत. ते म्हणाले, "पैशाचं नाई काकू, साहेब विचारत होते, हे असं कागद आनतं काय?" वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिले.

२७ मे, मंगळवार

पुण्याचा भाचा आलाय, कॉम्प्युटरमधला. संध्याकाळी आम्ही दोघं शेजारच्या कृषी केंद्राच्या ओट्यावर बसलो. तिथल्या भाऊंकडे पेरणीची गर्दी. बीजी-टू कपाशीचं ४७५ ग्रॅमचं पाकीट यंदा ९०१ रुपयांना. कुणी विचारतं अमुकच कंपनीचं द्या. कुणी हळूच 'चोर बीटी' कुठं मिळंन विचारतं, भाऊ कानावर हात ठेवतात.

माझी टोनरची कथा ऐकून भाऊ म्हणाले, "ताई, हे आमच्याकडे रोजचंच हाये. पाकीट कंपनीचं, सरकी जिनिंगची. उगवलं नाही का शेतकरी माह्या दारात." मात्र बियाण्याची तुलना सगळीकडे चालत नाही. चोर बीटीला मंजुरीच नाही. कंपॅटिबल टोनर विकणं हा काही गुन्हा नाही. भाचा म्हणाला, ते इतकं सहज ठरलेलं नाही, मावशी. भांडणं वरच्या कोर्टापर्यंत गेली आहेत.

त्यानं सांगितलं ते असं. अमेरिकेत लेक्समार्क कंपनी थोड्या सवलतीत कार्ट्रिज विकायची, अट एकच: रिकामं फक्त आम्हालाच परत. इम्प्रेशन प्रॉडक्ट्स नावाचा एक छोटा व्यवसाय ती रिकामी गोळा करून भरून विकायचा. पेटंटचा भंग म्हणून खटला. ३० मे २०१७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, एकदा वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्याचं उदाहरण निकालात आहे म्हणे. मग तो माणूस जुन्या गाड्यांच्या दुकानातला असो की अंगणात पेपर अंथरून बसलेला असो.

पण कोर्टात हरलेलं चिपमध्ये जिंकता येतं. एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी १३ सप्टेंबर २०१६ ला दुसऱ्यांची कार्ट्रिज एकदम नाकारली. काही महिने आधीच्या अपडेटमध्ये ती तारीख घालून ठेवलेली. ओरड झाली, कंपनीनं नीट कळवलं नाही म्हणून दिलगिरी व्यक्त केली, ते बंधन काढणारं अपडेट दिलं. डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं याच प्रकारच्या निर्बंधांवरून तिला एक कोटी युरोंचा दंड केला, गिऱ्हाईकाला पुरतं सांगितलं नाही म्हणून. कंपनीचं म्हणणं, चिप आमचं तंत्र आणि सुरक्षा सांभाळायला आहे. महिन्याभरापूर्वी मी या म्हणण्यावर हसले असते. १४ मे नंतर पूर्ण हसता येत नाही.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, २४ डिसेंबरला पोर्टल काढलं. आधी नावं घेतली ती शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली यंत्रं आणि वाहनं यांची. भाऊ म्हणाले, "शेतीची अवजारं पहिली आली, हे बरं झालं." प्रिंटर नाही आला, हे मी मनात म्हटलं.

३ जून, मंगळवार

सुर्जीच्या एक बाई आल्या. पदराखालून फ्रेम काढली. गेल्या वर्षी त्यांच्या मिस्टरांचा फोटो माझ्याकडूनच मोठा करून नेला होता. दारासमोरच्या भिंतीवर लावलेला, सकाळचं ऊन थेट येतं. लाल-गुलाबी उडून गेला, चेहरा हिरवट राहिला.

"पोरगं विचारते, बाबाले काय झालं होतं?"

काही बोलता येईना. गेल्या उन्हाळ्यात मी फोटोच्या रंगांतही कंपॅटिबलच टाकली होती, फेब्रुवारी ही काही पहिली वेळ नव्हती. इथंच नेमकं वाचवायला नको होतं. अर्ज साहेबाच्या टेबलावर दोन महिने जगला तरी पुरे. फोटो भिंतीवर वीस वर्षं राहायचा असतो. आणि अर्जाचे नि फोटोचे रंग मी एकाच टाकीतून काढत होते, फोटोला मात्र दर सहापट लावत होते. ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

फाइल संगणकात सापडली. ओरिजिनल शाई, चांगला कागद, काचेची फ्रेम. त्यांना हेही सांगितलं की ही शाईसुद्धा उन्हात कधीतरी उडेल, फक्त उशिरा. फोटो आतल्या भिंतीवर लावा. त्या म्हणाल्या, आतल्या भिंतीवर देव आहेत. मग म्हणाल्या, देवांच्या बाजूलाच लावीन.

६ जून, शुक्रवार

अकरावीचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमिलेयर. जेवायला चार वाजले. लिहायला काही नाही, लेझर न कुरकुरता चाललं तेवढं लिहिते.

८ जून, रविवार

सकाळी दुकान झाडलं. लेझरवर चिठ्ठी लावली: सातबारा, दाखले, अर्ज, जे पावसात जाणार ते इथं. टाकीवाल्यावर: फोटो आणि रंगीत, शाई कंपनीचीच. पोरानं विचारलं, मग कंपॅटिबलची उरलेली अर्धी बाटली? दुकानात एक जुना प्रिंटर पडून होता, तो बाटलीसकट पोरालाच दिला. तो त्याच्या बहिणीच्या प्रकल्पाची पानं काढून राहिला, चित्रंही बरी येताहेत.

दरफलकावर कार्ट्रिजच्या खाली एक ओळ वाढवली: कंपॅटिबल, दुसऱ्या कंपनीचे, डुप्लिकेट नाही. सासूबाई वाचून म्हणाल्या, म्हणजे काय? त्यांना चारही शब्द पुन्हा समजावले. त्या म्हणाल्या, "हाव, कळलं. डुप्लिकेटच."

अकराच्या सुमारास रिकामे घेणारा आला. पाच होते. नुसते पाचच समोर ठेवले.

"डबे?"

"चिरले."

कोपऱ्यात पडले होते, ब्लेडनं उभे-आडवे कापलेले, नावाच्या मधोमध. त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. काही बोलला नाही. चाळीसप्रमाणे दोनशे मोजून दिले. त्यातल्या एका पन्नासच्या नोटेला मागून चिकटपट्टी लावलेली होती, ती बदलून घेतली.